सागाला तेल पाजू नका

मुंबई-गोवा महामार्गावर खारेपाटण मागे टाकून कणकवलीकडे निघालं की तळेरे लागतं. इथून एक रस्ता पश्चिमेला विजयदुर्गाकडे उतरतो आणि दुसरा पूर्वेला वैभववाडीवरून करूळ घाट चढून गगनबावड्याला जातो. या दोन टोकांमधला मुलूख लाकडाच्या इतिहासात मोठा आहे. विजयदुर्गाजवळ गिर्ये इथे मराठी आरमाराच्या गोदीचे अवशेष आजही पाहता येतात. गगनबावडा म्हणजे पंत अमात्यांची जहागिरी. रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातलं. आरमारासाठी रानातला साग परवानगीनं तोडावा, पण रयतेनं लेकरासारखी वाढवलेली आंबा-फणसाची झाडं तिच्या राजीखुशीशिवाय तोडू नयेत, असं त्यात बजावलेलं आहे. साग कशासाठी उपयोगी आहे हे राज्यकर्त्यांना नेमकं ठाऊक होतं. खाऱ्या पाण्यात तो कुजत नाही, त्याला वाळवी सहसा धरत नाही आणि उन्हापावसात तो फारसा वाकत-तडकत नाही. आज याच पट्ट्यातल्या घरांत सागाचे दरवाजे आहेत, ओटीवर सागाचा झोपाळा आहे, एखाद्या घरात आजोबांच्या वेळची शिसवी खुर्ची आहे, आणि ते लाकूड टिकावं म्हणून दर वर्षी गणपतीच्या आधी त्याला तेल चोळण्याची हौसही आहे. चतुर्थीला पाहुणे येतात, झोपाळ्यावर बसतात आणि उठताना कपडा फळीला चिकटतो. असं झालं की तेल भेसळीचं होतं, रंगाऱ्यानं काम नीट केलं नाही, नाहीतर अजून एक हात हवा होता, अशी कारणं शोधली जातात. खरं कारण त्या लाकडातच आहे, आणि त्यावरचा उपाय आपल्या समजुतीच्या नेमका उलट आहे. जे लाकूड मुळातच तेलकट आहे त्याला सगळ्यात कमी तेल लागतं. त्याला काही लावायचंच असेल तर जेवढं लावलं त्यातलं बहुतेक पुसून काढावं लागतं.

सागाचा ताजा काप हाताला मेणचट लागतो, त्याला चामड्यासारखा वास येतो, म्हणून आपण त्याला तेलकट म्हणतो. पण हे तेल खोबरेलासारखं किंवा शेंगदाण्याच्या तेलासारखं नाही. झाड वाढताना आतल्या पेशी मरतात आणि त्यांचा गाभा तयार होतो, तेव्हा झाड त्यांच्यात संरक्षणाची रसायनं साठवून ठेवतं. सागात टेक्टोक्विनोन, लॅपाकॉल, डीऑक्सिलॅपाकॉल अशी संयुगं असतात, जोडीला मेणासारखे पदार्थ आणि थोडा रबरासारखा अंशही असतो. शिसवात, म्हणजे डालबर्जिया लॅटिफोलियात, लॅटिफोलिन आणि डालबर्जिओन गटातली संयुगं असतात. ही रसायनं गाभ्यात असतात, त्याभोवतीच्या पांढरट भागात जवळपास नसतात. म्हणूनच सागाच्या फळीला कडेनं पांढरी पट्टी राहिली असेल तर वाळवी आधी ती पट्टी खाते आणि गाभ्यापाशी थांबते. सुतारांना याच रसायनांची दुसरी ओळख आहे. साग किंवा शिसव घासताना उडणाऱ्या भुश्शानं काहींच्या हातावर, मानेवर खाज येते, पुरळ उठतं. सागाच्या बाबतीत त्याचा मोठा दोष डीऑक्सिलॅपाकॉलकडे जातो, शिसवाच्या बाबतीत डालबर्जिओनकडे. वाळवीला पळवणारं आणि कातडीला झोंबणारं हे रसायन एकाच कुळातलं आहे. आपण लावलेलं तेल सुकू न देणारी मंडळीही याच कुळातली आहेत.

इथे ‘तेल सुकतं’ म्हणजे काय होतं ते नीट पाहायला हवं, कारण सगळा घोटाळा तिथेच आहे. पाणी सुकतं तेव्हा ते उडून जातं. स्पिरिटही उडून जातं. जवसाचं तेल उडून जात नाही, ते हवेतला प्राणवायू ओढून घेतं आणि घट्ट होतं. सुकल्यावर त्याचं वजन कमी होण्याऐवजी दहा टक्क्यांच्या वर वाढतं, कारण प्राणवायू त्यात भरलेला असतो. जवसाच्या तेलात निम्म्याच्या आसपास लिनोलेनिक आम्ल असतं. त्याच्या रेणूत तीन दुहेरी बंध असतात आणि त्यांच्या मधल्या जागांवर प्राणवायू हल्ला करतो. एक रेणू पेटला की तो शेजारच्याला पेटवतो, तो पुढच्याला, आणि अशी साखळी चालून सगळे रेणू एकमेकांत गुंतून जाळं तयार होतं. पंगतीत एका टोकाला दिलेला निरोप हातोहात दुसऱ्या टोकाला पोचतो तसं हे चालतं. मध्येच एक जण निरोप ऐकून गप्प बसला तर तो पुढे जात नाही. सागा-शिसवातली फिनॉल आणि क्विनोन जातीची संयुगं नेमकी अशी गप्प बसतात. पेटलेल्या रेणूला ती विझवतात आणि साखळी तोडतात. खाण्याचं तेल खवट होऊ नये म्हणून कारखान्यात जे रोधक घालतात त्यांचं कामही हेच. खवट होणं आणि सुकणं या दोन्ही क्रियांची सुरुवात सारखीच आहे, म्हणून एकीला रोखणारा पदार्थ दुसरीलाही रोखतो.

यावरून लाकडा-लाकडातला फरक उलगडतो. फणसाची, ऐनाची किंवा आंब्याची फळी घेतली, तिला पातळ जवसाचं तेल लावलं आणि पुसलं, तर चांगल्या हवेत काही दिवसांत ती कोरडी होते. तेच तेल सागावर उशिरा सुकतं, आणि शिसवावर कधी कधी आठवडे गेले तरी चिकट राहतं. फर्निचरच्या कारखान्यांना हे पॉलिएस्टर लॅकरच्या काळात चांगलंच जाणवलं. त्या लॅकरचं घट्ट होणंही साखळीनंच चालतं, आणि शिसवाच्या जातीच्या लाकडावर ते लाकडाला चिकटलेल्या बाजूनं ओलंच राहायचं. वरून कडक आणि आतून मऊ असा थर नखानं सोलून काढता यायचा. म्हणजे दोष तेलाच्या एखाद्या डब्याचा नाही. जे काही अशा साखळीनं घट्ट होतं, त्याला हे लाकूड आडवं येतं.

आता आपल्याकडच्या तेलांकडे वळू. तेल सुकेल की नाही याचा अंदाज आयोडीन मूल्यावरून येतो. जितके दुहेरी बंध जास्त तितकं हे मूल्य मोठं. जवसाच्या तेलाचं मूल्य १७० च्या वर असतं. खोबरेलाचं दहाच्या आसपास, म्हणजे ते जन्मात सुकणार नाही. करंजाचं आणि उंडीचं तेल शंभराच्या खाली राहतं. दिव्याला, साबणाला, औषधाला ती चांगली, पण लाकडावर त्यांचा कोरडा थर बसत नाही. झोपाळ्याला खोबरेल चोळलं की दोन दिवस तो छान चमकतो, कारण कुठलाही ओला पृष्ठभाग चमकतो. मग त्यावर धूळ बसते, ती घट्ट होते आणि लाकूड काळपट दिसू लागतं. शिसवी पोळपाटावर मात्र खोबरेलाचा बोटभर हात फिरवायला हरकत नाही. तो रोज धुतला जातो, थर बसवायचा नसतोच, आणि खोबरेल लवकर खवट होत नाही. अंगाखांद्याला लागणाऱ्या, धूळ बसणाऱ्या फर्निचरचं तसं नसतं. तिथे सुकणारं तेलच हवं. रंगारी ज्याला बेलतेल म्हणतात ते उकळलेलं जवसाचं तेल दुकानात सहज मिळतं. पूर्वी ते उकळताना मुर्दाडशिंग घालायचे. त्यातलं शिसं तेल लवकर सुकवायचं. आता कोबाल्ट, मँगनीजचे क्षार घालतात. दुकानात ‘टीक ऑइल’ म्हणून जी बाटली मिळते ती सागाच्या झाडातून काढलेली नसते. बहुतेक वेळा जवसाचं किंवा तुंगाचं तेल, थोडं वॉर्निश आणि बरंचसं पातळ करणारं द्रावण एवढाच तिचा ऐवज असतो. तिला वाईट म्हणायचं कारण नाही, पण नावामुळे सागाचा हरवलेला जीव तिच्यातून परत भरला जातो असं समजू नये.

इथे पहिला आक्षेप हमखास येतो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जुन्या घरांतले वासे, तुळया, खांब वर्षानुवर्षं तेल पीत आले. कोकणात काजूच्या टरफलाचं तेल वाशांना आणि होड्यांना लावत आले. ती लाकडं शंभर वर्षं टिकली आहेत, मग तेल चुकीचं कसं? याला दोन उत्तरं आहेत. एक म्हणजे तुळईला कोणी हात लावत नाही. ती चिकट राहिली तरी कोणाचं बिघडत नाही, आणि चुलीच्या धुरानं तिच्यावर आपोआप एक काळा, कोरडा थर बसत गेला. दुसरं उत्तर अधिक महत्त्वाचं. काजूच्या टरफलाचं तेल हे जवसाच्या तेलासारखं नाहीच. त्याचा मोठा भाग अॅनाकार्डिक आम्लाचा असतो आणि तापवल्यावर त्यातून कार्डॅनॉल तयार होतं. ही संयुगं फिनॉल जातीची आहेत, कातडीवर फोड आणणारी आणि किडीला मारक. जपानी लाखेच्या झाडाच्या चिकातल्या द्रव्याशी त्यांचं नातं आहे. तेव्हा टरफलाचं तेल लावणारे आपले पूर्वज लाकडाला तेल पाजत नव्हते. ज्या लाकडाला स्वतःचं विष नव्हतं, किंवा कमी होतं, त्याला बाहेरून विष देत होते. आंब्याच्या फळीला, किंजळाच्या वाशाला, समुद्रात चालणाऱ्या होडीला ते शहाणपणाचं होतं. सागाच्या गाभ्याला त्याची गरजच नव्हती. आणि झोपाळ्याला, पाळण्याला, जेवणाच्या टेबलाला ते तेल लावणं तर आज सरळ टाळावं.

सागाला बाहेरच्या तेलाची गरज नाही याचा सगळ्यात मोठा पुरावा जहाजांनी दिला आहे. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली मलबारी सागाचं ‘त्रिंकोमाली’ हे लढाऊ जहाज १८१७ मध्ये पाण्यात उतरलं. ते आज इंग्लंडमधल्या हार्टलपूल इथे तरंगत्या स्थितीत जपलेलं आहे. मधल्या काळात त्याची दुरुस्ती झाली, काही लाकूड बदललं, पण दोनशे वर्षांनंतरही जहाज उभं आहे. आणि जहाजांचा सागाचा डेक उघडाच ठेवायची रीत होती. खलाशी तो खाऱ्या पाण्यानं घासून धूत. तेलानं तो घसरडा झाला असता, शिवाय डांबरानं भरलेल्या सांध्यांनाही ते बरं नव्हतं. उन्हात साग करडा पडतो हे खरं. ऊन लाकडातलं लिग्निन तोडतं, पाऊस ते धुऊन नेतो आणि वर चंदेरी तंतू राहतात. हे करडेपण कातडीपुरतं असतं, आतलं लाकूड जसंच्या तसं राहतं. तेल लावून ते थांबेल ही आशाही फोल आहे, कारण साधं तेल उन्हातले अतिनील किरण अडवत नाही. उलट अंगणातल्या बाकाला पावसाळ्याआधी तेल लावलं तर त्या तेलावर बुरशी पोसते आणि करड्याऐवजी काळे ठिपके येतात. तेव्हा अंगणातला, उघड्यावरचा साग आहे तसा राहू द्यावा. ज्यांना करडा रंग सहन होत नाही त्यांनी रंग द्यावा. तेलाचा विचार घरातल्या लाकडापुरताच करावा.

घरातल्या लाकडासाठी मात्र तेलाच्या बाजूनं बोलण्यासारखं खूप आहे. तेल लावलेल्या सागाचा रंग खुलतो, रेषा उठून दिसतात, स्पर्श लाकडाचाच राहतो, आणि ओरखडा पडला तर तेवढीच जागा घासून परत हात फिरवता येतो. प्रश्न फक्त पद्धतीचा आहे. आपण सहसा कुंचल्यानं तेल फासतो, ते ‘मुरू देतो’ आणि वर राहिलेलं तेल तसंच सोडतो. तेलकट लाकडात ते फारसं मुरत नाही, कारण जागा आधीच बरीच भरलेली असते. वर राहिलेल्या जाड थराला खालून रोधक रसायनं मिळतात आणि वरच्या कातडीखाली हवा पोचत नाही. दोन्ही बाजूंनी त्याची कोंडी होते. त्याऐवजी फळी कोरड्या, सुट्या पॉलिश पेपरनं ताजी घासावी, आधी १५० नंबरनं, मग २२० नंबरनं. त्यापुढे अगदी बारीक कागदानं गुळगुळीत करण्याचा मोह आवरावा. पृष्ठभाग ताजा असेल तितकं चांगलं, कारण घासून ठेवलेल्या सागावर आतले पदार्थ हळूहळू परत वर येतात. सकाळी घासलं तर त्याच दिवशी तेल. बेलतेलात साधारण तेवढंच टर्पेंटाइन मिसळून ते पातळ करावं, मऊ सुती चिंधीनं रेषांच्या दिशेनं चोळावं आणि दहा-पंधरा मिनिटांनी दुसऱ्या कोरड्या कापडानं असं पुसावं की हात फिरवल्यावर बोटाला ओल लागणार नाही. पुसून झालं म्हणून काम संपत नाही. सागाच्या वर्षवलयात मोठ्या छिद्रांची एक रांग असते. तिथे शिरलेलं तेल तास-दोन तासांत थेंबाथेंबानं परत वर येतं. कडेनं प्रकाश पाडून पाहिलं की हे थेंब स्पष्ट दिसतात, प्रत्येक रेषेवर मोहरीपेक्षा बारीक. ते तसेच राहिले तर तिथेच घट्ट होतात आणि फळीवर कडक खवले बसतात. म्हणून पहिल्या दिवशी फळीकडे तीन-चार वेळा परत जाऊन पुसावं. पुढचा हात आधीचा पूर्ण कोरडा झाल्यावरच द्यावा. बोट टेकवून पाहावं, चिकटलं तर थांबावं. सागावर असे दोन, फार तर तीन हात पुरतात.

यावर कोणी म्हणेल, इतकं पुसायचं असेल तर मग राहिलं काय, आणि एवढ्या पातळ थरानं संरक्षण कसलं? आक्षेप रास्त आहे आणि त्याचं उत्तर तेलाच्या बाजूनं नाही. अमेरिकेतल्या मॅडिसनच्या वन-उत्पादन प्रयोगशाळेनं लाकडावरच्या लेपांची हवेतली दमट वाफ अडवण्याची कुवत मोजली आहे. त्यात जवसाचं तेल अगदी तळाला आहे, तीन हात दिले तरी तळालाच. तेल लाकडाला दमटपणापासून वाचवत नाही, जाड लावलं तरी नाही आणि पातळ लावलं तरी नाही. जाड थराचा फायदा असा काही नसतोच, त्याचा फक्त तोटा असतो. सागाला ही उणीव भासत नाही, कारण तो स्वतःच फुगतो-आकसतो कमी. तेल इथे दिसण्यासाठी, स्पर्शासाठी आणि चहाचा डाग लगेच पुसता यावा एवढ्यासाठी लावायचं आहे.

वाफ अडवण्यात याच मोजणीत तेलाच्या कितीतरी वर जो लेप येतो तो आपल्या ओळखीचा आहे: लाख. शिसवासारख्या हट्टी लाकडाचं उत्तर तिच्यातच सापडतं. लाखेचा किडा पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या फांद्यांवर वाढतो. भारत लाखेच्या मोठ्या उत्पादक देशांपैकी एक आहे, त्यात झारखंड पुढे, आणि रांचीला तिच्या संशोधनाची संस्था १९२४ मध्येच उभी राहिली. तळेऱ्याहून दक्षिणेला गेलं की सावंतवाडीची लाखकामाची परंपरा प्रसिद्धच आहे. आपल्याकडचे पॉलिशवाले चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून वापरतात. तेलाहून तिचा मोठा फरक हा की लाखेला सुकायला कुठलीही साखळी चालवावी लागत नाही. स्पिरिट उडालं की लाख उरते, एवढंच. सागातलं क्विनोन असो की शिसवातलं लॅटिफोलिन, त्यांना अडवायला इथे काही घडतच नसतं. म्हणून लाखेचा पातळ हात आधी दिला की लाकडातली रसायनं तिच्याखाली बंद होतात. वरून दिलेलं पुसतं तेल, विशेषतः वॉर्निश मिसळलेलं, साध्या लाकडावर सुकावं तसं सुकतं. फक्त एक काळजी घ्यावी. साध्या चपड्यात चार-पाच टक्के मेण असतं आणि त्यावर पुढचा थर नीट धरत नाही. मेण काढलेली लाख मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर लाख स्पिरिटमध्ये विरघळवून काचेच्या बरणीत दोन-तीन दिवस हलवल्याशिवाय ठेवावी. गढूळ मेण तळाशी बसतं, आणि वरचं चहासारखं नितळ द्रावण अलगद ओतून घेता येतं. ते आणखी स्पिरिटनं पातळ करून चिंधीनं झरझर एकच हात द्यावा. शिसवावर तो आधी लपलेल्या कोपऱ्यात देऊन पाहावा, कारण स्पिरिटमध्ये शिसवाचा जांभळट तपकिरी रंग सुटतो. शेजारी हस्तिदंती किंवा पांढऱ्या लाकडाची जडावाची पट्टी असेल तर तिच्यावर तो ओढला जातो.

जाणकार सुतार इथे दुसरा मार्ग सुचवतील. लाखेचा खटाटोप कशाला, अॅसिटोननं किंवा थिनरनं फळी पुसून घ्या, वरचं तेल निघून जातं, मग लगेच लेप द्या. डिंक लावताना, म्हणजे सांधा जोडताना, हा मार्ग बऱ्यापैकी कामाचा आहे, कारण तिथे काही मिनिटांचाच प्रश्न असतो. पांढऱ्या फडक्यावर थिनर घेऊन शिसव पुसलं की फडकं रंगतं, म्हणजे काहीतरी निघतं हेही खरं. पण निघतं ते वरवरचं. आतला साठा जसाच्या तसा राहतो, आणि द्रावण उडताना आतलं थोडं वर ओढूनही आणतं. तेलाला सुकायला तास नव्हे, दिवस लागतात. तेवढ्या वेळात ती रसायनं परत वर पोचतात. सागावर ताजं घासणं जवळपास तेवढंच काम करतं आणि त्यात नाकातोंडात वाफ जात नाही. शिसवावर दोन्ही अपुरे पडतात, तिथे लाखेला पर्याय नाही.

सगळ्यात जास्त चुकतो तो हंगाम. गणपती येतात भाद्रपदात, म्हणजे पाऊस अजून जायचा असतो. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्याचा फार मोठा भाग जून ते सप्टेंबरमध्ये येतो. मुंबईहून चाकरमानी येणार म्हणून घर सजवायची घाई असते, आणि नेमकं तेव्हाच लाकूड दमट असतं, ऊन नसतं, हवा कोंदट असते. तेल मंद सुकतं, बुरशी त्याच्या आधी पोचते. त्यातून वाचायला लाखेचं पॉलिश घेतलं तर तेही दगा देतं. स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड होतो, दमट हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि पॉलिश पांढरं फुटतं. तेव्हा चतुर्थीआधी लाकूड फक्त कोरड्या कापडानं स्वच्छ पुसावं, आणि तेलाचं वा लाखेचं काम दिवाळीनंतर, शिमग्याच्या आत उरकावं. त्या महिन्यांत लाकूड सर्वांत कोरडं असतं, दुपार ऊबदार असते आणि वाराही असतो. घरात परंपरा म्हणून काही करायचंच असेल तर चौरंग आणि पाट पावसाच्या आधी, मे महिन्यात तयार ठेवावेत.

आता उरला शेवटचा आणि आजचा आक्षेप: ही सगळी यातायात कशाला, पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचा लेप, मारून टाका. महामार्गाकडेच्या नव्या घरांत बहुतेक तेच होतं. दोन डब्यांचं मिश्रण करून मारलेला पीयू प्राणवायूच्या साखळीवर अवलंबून नसतो, त्यामुळे तो सागावरही कडक होतो, पाण्याला आणि उष्ण भांड्याला तेलापेक्षा चांगलं तोंड देतो, हे मान्य करायलाच हवं. ज्या टेबलावर रोज गरम भांडं टेकतं तिथे तो योग्य ठरेल. पण तेलकट पृष्ठभागावर त्याची पकड कच्ची असते. चांगली तयारी न करता मारलेला थर काही पावसाळ्यांनंतर कडेनं उचलला जातो, आणि मग तो ठिकठिकाणी दुरुस्त होत नाही. सगळा खरवडून परत मारावा लागतो. तेल आणि लाख या दोन्हींची दुरुस्ती चिंधी घेऊन घरच्या माणसाला करता येते. जो दरवाजा, झोपाळा किंवा खुर्ची पुढच्या पिढीला द्यायची आहे, तिच्यासाठी दुरुस्ती हीच खरी कसोटी धरावी असं मला वाटतं. शिसवाच्या बाबतीत तर हे अधिकच खरं आहे. शिसवाची जात आज धोक्यात मोजली जाते, आणि २०१७ पासून डालबर्जिया प्रजातीच्या सगळ्या जातींचा आंतरराष्ट्रीय व्यापार परवान्याखाली आला आहे. सागाचंही तसंच. म्यानमारनं २०१४ मध्ये कच्च्या ओंडक्यांची निर्यात थांबवली, तेव्हापासून बाजारात आफ्रिकेतला आणि दक्षिण अमेरिकेतला लागवडीचा साग अधिक दिसतो. तो लवकर वाढलेला असतो, त्यात पांढरा भाग जास्त निघतो आणि गाभ्यातली रसायनंही कमी असू शकतात. अशा सागावर तेल चटकन सुकेल, पण वाळवीही चटकन लागेल. म्हणून जुन्या घरातली फळी असेल तर तिला मोडीत न काढता सांभाळावी, आणि नवी फळी घेताना कडेची पांढरी पट्टी किती आहे ते आधी पाहावं.

तेलाच्या चिंध्यांबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण ती घर जाळू शकते. जवसाचं तेल प्राणवायू घेताना उष्णता सोडतं. फळीवर ती उडून जाते. गोळा करून कोपऱ्यात टाकलेल्या चिंधीत ती साठत जाते आणि काही तासांत चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. काम झालं की प्रत्येक चिंधी उघड्यावर एकेकटी पसरून वाळत घालावी, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवावी. पेंढा ठेवलेल्या मांगरात तर ती चुकूनही नेऊ नये.

ज्यांचा झोपाळा आधीच चिकट झाला आहे, त्यांनी त्यावर आणखी तेल ओतू नये. कोरड्या दिवशी टर्पेंटाइननं भिजवलेल्या कापडानं फळी चोळावी. मऊ तेल कापडावर येऊ लागतं. कापड बदलत बदलत, फडकं स्वच्छ निघेपर्यंत पुसावं. घट्ट झालेले खवले राहिले तर पत्र्याच्या खरवडणीनं किंवा पॉलिश पेपरनं काढावेत. मग फळी आठवडाभर सावलीत, वाऱ्याला उभी ठेवावी. सागाची असेल तर तशीच वापरायला हरकत नाही. शिसवाची असेल आणि चमक हवीच असेल, तर नितळ लाखेचे दोन पातळ हात आणि वर तेलाचा एकही नाही.